बेट : निरंक

दुपारच्या शांततेत शिलाई मशीनचा पाय करकरला आणि चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दोन हात मला ओढून बाहेर काढत होते. मनात पहिला विचार आला, झालं, चालले मी रद्दीत!

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. नाशिकपासून एसटीने सव्वा तासावर, गोदावरीच्या धरणफुगवट्याकाठी एक लहानसं गाव आहे, तिथली. माझा जन्म मात्र नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका बाइंडिंगच्या दुकानातला. निळं कापडी अंग, त्यावर सोनेरी अक्षरं – ‘लोक जैवविविधता नोंदवही’. कायदा सांगतो, गावाने आपली झाडं, गवतं, मासे, पाखरं जाणत्या माणसांना विचारून माझ्यासारखीत लिहून ठेवावीत. उद्या कुणी काही तोडायला, बुजवायला निघालं, तर गावाच्या हाताशी कागद असतो. केवढी मिरवत आले होते मी!

पण लिहायला आला तो शहरातून आणलेला एक तरुण. पंचायतीच्या पंख्याखाली बसला, मोबाइलवर भलत्याच गावाची वही उघडली आणि दीड दिवसात मला भरून मोकळा झाला. नदीवर गेला नाही की कुणाला काही विचारलं नाही. याचं पेन जरा जास्तच सरसर चालतंय, असा संशय मला तेव्हाच आला होता. तेव्हापासून पेन दिसलं की मी पानं आवळून घेते.

सह्या झाल्या, फोटो निघाला. नवसाबाई गावच्या जैवविविधता समितीच्या अध्यक्ष, म्हणून मला त्यांच्या घरी पाठवलं. त्यांचं मशीन डुगडुगत होतं आणि माझी जाडी त्याच्या पायाखाली नेमकी बसली. संपलं माझं कौतुक.

आता मला बाहेर काढणारी होती त्यांची सून, स्नेहा. तिच्या पाठीला तिची सहा वर्षांची लेक, राखी, लोंबकळत होती. स्नेहाने धूळ पुसली, पान उलटलं आणि तिला हसूच फुटलं.

“आत्या, आपल्या गोदावरीत सुरमई असती का हो?”

“काय?”

“सुरमई, बांगडा! समुद्रातले मासे. अन् शिवारात कोकम. खाली सही तुमची.”

नवसाबाई लसूण सोलत होत्या. “मला कुठं कुणी वाचून दाखवलं? सही करा म्हटले, केली. अन् दात नको काढू, मशीन डुगडुगतंय बघ माझं.”

स्नेहाचं हसू मात्र लगेच विरलं. तिला हवं होतं ते पान सापडलं होतं आणि त्यावर एवढंच होतं – ‘बेट : निरंक.’

फुगवट्याच्या मधोमध एक बेट आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या उघड्या वाळूत नदीसुरय अंडी घालतात. पिवळ्या चोचीचं, लांब शेपटीचं, इथलंच पाखरू. त्याचं घरटं म्हणजे नुसता खळगा. आता त्या बेटावर शोभेची परदेशी झाडं लावून बाग करायची, होड्या फिरवायच्या, असा ठराव गुरुवारच्या ग्रामसभेत येणार होता. बेटावर काहीच नाही, असं माझंच पान सांगत होतं. मित्रांनो, मी खोटी साक्षीदार झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहाने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि राखीला घेऊन ती झुंबरबाबांच्या होडीत बसली. झुंबरबाबा सत्तरीचे, जन्म मासेमारीत गेलेला. बेटाची वाळू त्यांना तळहातासारखी माहीत. पण मला पाहताच त्यांनी हातातलं वल्हं आडवं ठेवलं.

“वही कशाला आणली?”

“लिहायला, बाबा. घरटी किती, ते सांगा ना.”

“आज पाखरू लिहिशील, उद्या त्याच वहीवरून माझं जाळं बंद करतील. लय कागद पाहिलेत म्या.”

मला त्यांचा राग आला नाही. माझ्याइतका संशयी जीव पहिल्यांदाच भेटला होता.

“तुमची मरळ, वामही लिहिते,” स्नेहा म्हणाली. “जाळं कुठं टाकता, तेही. सगळं वाचून दाखवीन. पटलं तरच अंगठा द्या.”

बाबांनी वळसा घालून बेटाच्या मागच्या अंगाला होडी लावली आणि सगळे वाळूतून पुढे निघाले. तेवढ्यात राखी ओरडली, “बाबा, तो दगड चालला!”

दगड नव्हता, पिल्लू होतं. म्हाताऱ्याला हसू आलं. “पाय जपून टाक गं माय. चैत्रात या अंगाला आम्ही होडी लावीत नाय. माझ्या आज्यापासूनची रीत हाय.”

मग ते सांगत गेले. तेवीस घरटी. स्नेहा लिहीत गेली, थांबून, विचारून, खोडून. पेन माझ्या अंगावरून इतकं हळू कधी चाललं नव्हतं. शेवटी बाबांनी अंगठा उमटवला.

गुरुवारी तिने ते पान सभेत वाचलं. सरपंचांनी मला हातात घेऊन मागची पानं चाळली. “अहो वहिनी, याच वहीत सुरमई हाय! मग तुमची पाखरं तरी खरी कशावरून?”

सभा खो खो हसली. मला वाटलं, परत मशीनखालीच गेलेलं बरं.

तेव्हा नवसाबाई उठल्या. “सुरमईखाली सही माझी हाय. न वाचता केली, चुकले. पाखरांखाली अंगठा झुंबरचा हाय. तो इथंच बसलाय. विचारा त्याला.”

झुंबरबाबा उभे राहिले. “चला होडीत. दावतो.”

कुणी हसलं नाही. तालुक्याची माणसं आधी बेट बघतील, मगच ठराव, तोवर तिथे कुदळ लागणार नाही, असं ठरलं. ती माणसं खरंच येतील का? आली तरी होडीतून उतरतील का? माझा अजून विश्वास नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाचीही अशी एक वही असेल. कपाटात, नाहीतर कशाच्या तरी पायाखाली. ती मागा. उघडून वाचा. तुमच्या नदीत नसलेला मासा तिच्यात पोहत असेल, तर गप्प बसू नका. आम्हाला फार जपून ठेवू नका, आम्हाला खरं ठेवा.

त्या संध्याकाळी स्नेहाने पट्टी घेऊन सुरमईवर लाल रेघ मारायला घेतली. राखी माझ्या पानाच्या कडेवर हनुवटी टेकून बघत होती.

“मम्मी, त्या दादाने खोटं लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी सह्या केल्या. तू खरं लिहिलं, तर तुलाच का विचारलं, कशावरून?”

स्नेहाची रेघ अर्ध्यातच थांबली.