आग्रहाची पोळी

शेवंताबाईंच्या घरचा कायदा एकच होता. उंबऱ्याबाहेर हवी तेवढी हिंदी बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. नात अर्पिता आईविना वाढलेली आणि तीही दिल्लीत, तिच्या जिभेवर हिंदी बसलेलीच. घरात तिच्या तोंडून "यार" निघालं की बाई लाटणं उगारायच्या. "यार गेला खड्ड्यात! इथं तुझी आजी उभी आहे."

घात केला तो याच कायद्यानं.

गणपतीच्या मंडळात धीरज भेटला. इतकं साखरेत घोळून मराठी बोलायचा की बाई लोण्यासारख्या विरघळल्या. गॅसवाल्यालाही कधी दाराच्या आत न घेणारी ही बाई, पण त्याला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. "मावशी, आईच्या हातची चव आली," असं म्हणून मेल्यानं डोळेसुद्धा पुसले. नोएडात ऑफिसात नोकरी लावतो म्हणून अर्पिताला घेऊन गेला, त्याला बावीस दिवस झाले होते आणि दोघांचाही पत्ता नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

चौकीतला शिपाई म्हणाला, "भाग गई होगी किसी के साथ, माताजी."

"तेरी बहन भागी थी क्या?" बाई म्हणाल्या आणि उठून आल्या.

मुलगा इंद्रजित, अर्पिताचा बाप, फौजेत; सीमेवर, बर्फात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. पोरगी आंघोळीला गेलीय, असं बाईंनी तीनदा सांगितलं होतं. चौथा रविवार चार दिवसांवर आला होता.

बाई रडत बसल्या नाहीत. द्वारका, नोएडा, लक्ष्मीबाई नगर, जिथं जिथं मराठी घर ठाऊक होतं तिथं तिथं जाऊन एकच निरोप देऊन आल्या. "मऊ मऊ बोलणारा पोरगा येईल. पोळीचा घास घेऊन आईची आठवण काढील. त्याला वाढत राहा. उठू देऊ नका. मला फोन करा."

गुरुवारी दुपारी फोन आला, लक्ष्मीबाई नगरातल्या कल्पनाचा. आवाज अगदी दबका. "शेवंताकाकू, तिसरी पोळी चाललीय."

"चौथी वाढ. शपथ घाल. मी निघाले."

बाईंचे धाकटे दीर नरसिंह फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुनी जिप्सी गाडी होती आणि परवान्याची दुनळी बंदूक. बंदूक त्यांनी चादरीत गुंडाळली आणि दोघं निघाले. इकडं कल्पनाची शर्थ चालली होती. "माझ्या गळ्याची शपथ, एवढी तरी घ्या." मराठी घरात वाढणारीनं गळ्याची शपथ घातली की ताटावरून कोण उठणार? धीरज सहाव्या पोळीवर पोचला होता. कपाळावर घाम, पट्टा सैल केलेला.

सातवी पोळी ताटात पडली. त्यानं मान वर केली, तर वाढणारी शेवंताबाई.

"खा रे बाबा. लाजू नको. आईचीच चव आहे."

दारात नरसिंह उभे होते. चादर बाजूला झाली होती. धीरजनं ताटातला हात उचलला, तशी बाईंनी कडकडीत तुपाची पळी त्याच्या मनगटावर धरली.

"हात ताटातच ठेव. पोरगी कुठंय?"

"मावशी, मला काय..."

तुपाचा एक थेंब पडला. तो किंचाळला.

"सांगतो! हरियाणात, सोहन्याच्या पुढं एक गाव आहे... तिकडं मुली मिळत नाहीत लग्नाला. चांगलं घर आहे हो. लग्न लावून दिलंय."

"लग्न? कन्यादान कुणी केलं मग?"

धीरजची नजर तुपाच्या पळीवर.

"त्यांना काय सांगितलंस? तिचं कोण आहे म्हणालास?"

"कुणी नाही म्हणालो. अनाथ आहे म्हणालो."

बाईंनी पळी खाली ठेवली. "कल्पना, त्याला हात धुवायला पाणी दे. अन्नाचा हात घेऊन मरू नये माणसानं."

ऊन उतरायच्या आत धीरजला घेऊन जिप्सी त्या गावात पोचली. बाजरीची कापणी चालू होती आणि सगळे पुरुष शेतावर. अंगणात एक म्हातारी हुक्का ओढत बसली होती.

"कौण सै?"

"जिसको तुमने अनाथ समझा, उसकी दादी," बाई म्हणाल्या. "लड़की किधर है?"

म्हातारीनं बंदूक पाहिली आणि तिची नजर आपसूक भुशाच्या खोलीकडं गेली. दाराला बाहेरून कडी. बाईंनी कडी काढली. आत डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढणी घेतलेली एक बाई भुशावर बसली होती. ती हलली नाही. बाईंनी ओढणी वर केली. अर्पिताच. ओठ फुटलेला. मनगटं दोरीनं सोललेली.

बाईंना तिला पोटाशी धरायचं होतं. पण आधी त्या मागं वळल्या आणि धीरजची गचांडी धरून त्याला आत ढकललं. तो भुशात तोंडावर पडला.

"ब्याह कर्या सै हमनै!" म्हातारी ओरडली. "छोरे आवेंगे तो..."

"आने दो. बाप फौज में है उसका, जिंदा है. ये आदमी तुमसे झूठ बोला. तुम्हारे छोरे इसको पूछेंगे, क्यों बोला."

"मावशी!" आतून धीरजचा आवाज फाटला. "मावशी, मला इथं नका सोडू! ते चौघं भाऊ आहेत! आपण मराठी माणसं आहोत हो!"

बाई थांबल्या. पुढं झाली ती अर्पिता. तिनं दार ओढलं, कडी घातली आणि लागली की नाही ते दोनदा हलवून पाहिलं.

जिप्सी हमरस्त्याला लागली. पुढं पोलिसांची चौकी दिसली, तसा नरसिंहांनी वेग कमी केला.

"वहिनी, थांबू का? सांगितलं तर जीव वाचेल त्याचा."

बाईंनाही ते कळत होतं. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला. "अर्पे, सोन्या, पाणी देऊ का? कुठं दुखतंय, सांग मला."

पोर अंग चोरून दाराला चिकटली. बाईंनी पुन्हा विचारलं, आणखी मऊ आवाजात. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आजी, हिंदी में बोलो ना," ती म्हणाली. "प्लीज. वो ऐसे ही बोलता था. पूरे रास्ते."

बाईंनी अठरा वर्षं लाटणं उगारून जी भाषा तिच्या जिभेवर ठेवली होती, त्याच भाषेला पोर भ्याली होती.

चौकी जवळ आली. शिपाई खुर्चीत बसून चहा पीत होता.

"वहिनी?"

"चला, भावजी," बाई म्हणाल्या. "गाडी थांबवायची नाही."

मग त्या पोरीकडं वळल्या आणि एकेक शब्द जुळवत, आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "भूख लगी है क्या, बेटा? घर जाके क्या खाएगी?"

पोरीनं कानांवरचे हात काढले.

"कुछ भी. पोळी नहीं."