नाहा विमानतळ, व्हर्जन सात

"डाव्या हाताला मासे दिसतायत का?" गुरुनाथने विचारलं.

"दिसतायत," फोनवर शोभा म्हणाली. "निळे आहेत. एक पिवळा. तो माझ्याकडेच बघतोय."

"त्याला बघू दे. तू सरळ चाल. माशांनंतर ऑर्किडच्या कुंड्या येतील, जांभळ्या. त्या संपल्या की फरशीचा रंग बदलेल."

थोडा वेळ नुसता हातातल्या छोट्या बॅगेच्या चाकांचा आवाज आला.

"बदलला," शोभा म्हणाली. "अहो, तुम्ही मला न सांगता इथे कधी येऊन गेलात का हो?"

गुरुनाथ नुसता हसला. तो अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये, घरामागच्या लाकडी डेकवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. गुरुवारची संध्याकाळ होती, पावणेआठ वाजले होते आणि लॉनवर काजवे नुकते लुकलुकायला लागले होते. शोभा जपानच्या दक्षिण टोकाच्या एका बेटावर, नाहाच्या विमानतळावर होती, आणि तिथे शुक्रवारची सकाळ झालेली होती. बायको आपल्यापुढे उद्यात जाऊन पोचली आहे, हा हिशेब त्याने तीनदा पडताळला होता. तो बरोबर होता, पण पटत नव्हता.

अ‍ॅशबर्नमध्ये बिनखिडक्यांच्या लांबच लांब इमारती आहेत. जगभरच्या लोकांचे फोटो, पत्रं आणि भांडणं तिथल्या यंत्रांत साठवलेली असतात, आणि ती यंत्रं तापू नयेत म्हणून आत रात्रंदिवस गार हवा खेळवावी लागते. त्यातल्या एका इमारतीतली हवा गुरुनाथ सांभाळायचा. "नागपूरचा माणूस, आणि गारव्याची राखण करतो," असं तो स्वतःच सांगे. त्याच्याकडे हा एकच विनोद होता, त्यामुळे नवा माणूस भेटला की तो हमखास बाहेर पडे. त्या इमारतीत कागदाशिवाय कोणी साधा नळही फिरवत नसे. आधी पायऱ्या लिहायच्या: हे करा, मग हे दिसेल, दिसलं नाही तर तिथेच थांबा आणि अमुक करा. दुसऱ्याने तपासायचं, मग हात लावायचा. चौदा वर्षांत गुरुनाथच्या हातून एक यंत्र बंद पडलं नव्हतं, आणि याचं श्रेय तो स्वतःला न देता कागदाला देई.

बायकोला पाठवायची वेळ आली तेव्हा त्याने तेच केलं. तेवीस पानं, प्लॅस्टिकच्या पाकिटांत, वर मोठ्या अक्षरांत 'शोभा – नाहा – व्हर्जन ७'. शेजारच्या राजीवने ती फाइल चाळली आणि म्हणाला, "दादा, वहिनींना पाठवताय की यान सोडताय? इथे चक्क 'पाणी प्यावे' लिहिलंय, यार."

"ती विसरते," गुरुनाथ म्हणाला.

शोभा स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं, आणि राजीवच्या चहात साखर जरा जास्त घातली. ती मालवणची. एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर असल्यामुळे तिला कितीतरी वर्षं नोकरी करता आली नव्हती. हायवेवर ती गाडी काढत नसे. पण रविवारच्या मराठी शाळेतली चाळीस पोरं तिच्या एका भुवईवर उठायची-बसायची, आणि कोणाच्या घरी काय बिनसलंय हे तिला दारातल्या चपलांवरून कळायचं. गुरुनाथने हे जमेला धरलं नव्हतं. ते कोणत्या पानावर लिहायचं, हेच त्याला कळलं नसतं.

गेले तीन महिने तो रोज जेवणाच्या सुट्टीत नाहाच्या विमानतळावर फिरायचा. प्रवाशांनी काढलेले व्हिडिओ इंटरनेटवर पुष्कळ होते. कोणी बॅग ओढत चाललंय, कोणी माशांपाशी थांबलंय, आणि गुरुनाथ त्यांच्या खांद्यामागून बघतोय. डबा संपे, तो उठून गार हवेच्या बोळात शिरे. दोन्ही बाजूंना यंत्रांच्या उंच रांगा, त्यांचे हिरवे-निळे दिवे. आणि चालता चालता त्याच्या पायाखालची फरशी बदले, यंत्रांच्या घुमण्यातून जपानी बाईची मऊ घोषणा ऐकू येई, रांगांच्या टोकाला जांभळी फुलं दिसत. एकदा तर बोळाच्या शेवटी त्याला समुद्राचा उजेड दिसला. तो दिवा होता. तरीही गुरुनाथ तिथे मिनिटभर उभा राहिला.

तो स्वतः जाऊ शकत नव्हता. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचं हे चौदावं वर्ष होतं आणि पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपला होता. इथे राहायला, नोकरी करायला आडकाठी नव्हती. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की आत यायला नवा शिक्का हवा, आणि त्याची तारीख महिन्यांनी मिळेल की वर्षांनी, ते कोणी सांगत नसे. मुलगी केया याच रांगेत एकवीस वर्षांची झाली, आणि एकविसाव्या वर्षी मूल आईबापांच्या अर्जातून गळतं. ती शिकायला जपानला गेली. नाहाच्याही पुढच्या इशिगाकी बेटावर समुद्रातल्या प्रवाळांवर काम करू लागली, आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. ते लग्न गुरुनाथ-शोभाने दिवाणखान्यात नवे कपडे घालून लॅपटॉपवर पाहिलं. आता केयाला नववा महिना लागला होता.

बाळंतपणाला आई जाते. यावर घरात चर्चा झालीच नाही. झाली ती शोभाला एकटीला जमेल का यावर, आणि तीही गुरुनाथने एकट्यानेच केली. शिक्का शोभाचाही संपलेला होता. ती परत कधी येईल, हा प्रश्न तेवीस पानांत कुठेही नव्हता.

"आता पान नऊ," गुरुनाथ म्हणाला. "समोर काचेचं दार, वर पिवळी पाटी. बाहेर पड, मोठी बॅग घे, आणि वरच्या मजल्यावर पुन्हा जमा कर. एकोणीस मिनिटं धरलीत."

"अहो, पण लोक दोन बाजूंना जातायत. काही जण उजवीकडे वळले."

"त्यांचं त्यांना. तू बाहेर पड."

दार उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. गुरुनाथने तीन मिनिटं मोजली.

"बॅग मिळाली?"

"नाही. इथली मुलगी माझा कागद बघून म्हणतेय, बॅग इशिगाकीलाच मिळणार. आणि पुढच्या विमानासाठी उजवीकडेच वळायचं होतं, आतल्या आत. आता त्या दारातून परत जाता येत नाही."

गुरुनाथने लॅपटॉपवर पान नऊ उघडलं. ओळ न् ओळ जागेवर होती. हळूहळू त्याच्या लक्षात आलं. ते सगळे व्हिडिओ नाहाला उतरून सुट्टी घालवणाऱ्यांचे होते. ते सगळे त्या दारातून बाहेर पडले, आणि त्यांच्या मागोमाग तोही तीन महिने रोज बाहेर पडला. पुढे जाणाऱ्या माणसाने तिथे फोन बाहेर काढलाच नव्हता.

विमान सुटायला चाळीस मिनिटं उरली होती. त्याचं दार पंधरा मिनिटं आधीच मिटणार होतं. हे विमान गेलं तर पुढच्यात जागा नाही, हे पान अकरावर लिहिलं होतं, लाल अक्षरांत. त्याखाली 'असे झाल्यास' असं लिहून पुढची जागा कोरी होती.

"शोभा," तो म्हणाला, आणि ती कोरी जागा पडद्यावर खाली-वर सरकवत राहिला.

"थांबा, मी तुम्हाला दाखवते." तिने कॅमेरा चालू केला. आधी तिची हनुवटी दिसली, मग छत, मग एक उघडं दार आणि त्यापलीकडे प्रकाशाचा मोठा चौकोन. "आपल्याकडचा वास येतोय हो. ओल्या उन्हाचा. समुद्र जवळच असणार. ही बघा जास्वंद, किती भडक."

"घड्याळ बघ आधी."

"बघितलं. तुम्ही चौदा वर्षांत बघितली होती का रस्त्याकडेला जास्वंद? बघून घ्या. दोन मिनिटं माझी."

गुरुनाथने बघितली. दोन मिनिटांत वाऱ्याने ते फूल चार वेळा हललं. एक टोपीवाला म्हातारा त्यामागून सावकाश गेला. उन्हात सगळंच किंचित तरंगत होतं. त्याच्या कुठल्याच पानावर ऊन नव्हतं.

मग चित्र वेगाने हलायला लागलं. शोभाने गणवेशातल्या कोणा मुलीला गाठलं होतं. इंग्रजी, मराठी काही न वापरता ती फक्त म्हणाली, "इशिगाकी," मग मनगटावरचं घड्याळ दाखवलं, मग दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवला. मुलीच्या तोंडून एक लांब "आऽऽ" निघाला. त्यानंतर गुरुनाथला फक्त धावणारी फरशी दिसली, सरकता जिना, मुलीचे काळे बूट, वाकून बाजूला होणारी माणसं.

"अहो, तपासणी आली, फोन ट्रेमध्ये ठेवतेय. बंद नाही करत."

तो ट्रेमध्ये पडला. वर दिव्यांची रांग सरकली, रबराच्या पट्ट्या चेहऱ्यावरून गेल्यासारख्या गेल्या, आणि गुरुनाथ अंधारात शिरला. यंत्र थांबलं. अंधारात बारीक घुमण्याचा आवाज होता, त्याच्या रोजच्या आवाजासारखा. त्याला कोणी पासपोर्ट विचारला नाही, शिक्का विचारला नाही. तो खुर्चीचे हात धरून बसून राहिला. मग पट्ट्या पुन्हा सळसळल्या आणि तो पलीकडच्या उजेडात निघाला.

"या डब्यात काय आहे विचारतोय बहुतेक," शोभाचा आवाज. झाकण उघडल्याचा खण्ण आवाज. "लाडू. डिंकाचे. बेबी. तू पण घे की रे, लहानच दिसतोस."

जपानी आवाज अजिजीने नको नको म्हणाला.

"वाळलाय नुसता," ती फोन उचलून म्हणाली.

दार मिटायला तीन मिनिटं शिल्लक असताना ती विमानाच्या दारात पोचली. गुरुनाथने हिशेब मांडला. तिने चुकीच्या वाटेने जाऊनही पान नऊवरच्या एकोणीस मिनिटांपेक्षा सहाच मिनिटं जास्त घेतली होती, आणि त्यातली दोन जास्वंदीची.

"बसले," ती म्हणाली. "खिडकी मिळाली. केयाला मेसेज केलाय, जावई येतोय घ्यायला." मग आवाज बारीक करून, "ऐका. पान नऊ दुरुस्त करून ठेवा. उजवीकडे वळायचं."

"आता कशाला? तुझं तर झालं."

"तुम्हाला यायचंय ना."

गुरुनाथने लॉनकडे बघितलं. काजवे आता खूप झाले होते, कुंपणापर्यंत.

"शोभा," तो म्हणाला, "किती दिवस लागतील गं?"

"बाळंतपण सव्वा महिन्याचं. पुढचं मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. नागपूरच्या माणसाने वरणभात कुकरला लावावा. तीन शिट्ट्या. हे मी लिहून ठेवलेलं नाही."

"बरं."

"विमान हललं. अहो, खाली बघा काय चाललंय." चित्र खिडकीच्या काचेला टेकलं. विमान उभं होतं तिथे विमानाची कामं करणारी चारपाच माणसं ओळीत उभी होती, हेल्मेट घातलेली, आणि दोन्ही हात उंच करून सावकाश हलवत होती. "कोणाला करतायत हो? माझ्या ओळखीचं तर कोणी नाही."

"सगळ्यांनाच करतात. रोज. प्रत्येक विमानाला."

"मग मी पण करते," शोभा म्हणाली. चित्र डोलायला लागलं, आणि तसंच डोलत असताना विझलं.

गुरुनाथ उठून उभा राहिला. त्याने उजवा हात वर केला आणि हलवला. कुंपणापलीकडच्या पायवाटेवरून एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. तिने वर बघितलं, तिला वाटलं आपल्यालाच, आणि तिनेही हात केला. आता मध्येच थांबणं बरं दिसलं नसतं. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गुरुनाथ हात हलवत राहिला, आणि त्यानंतरही थोडा वेळ.