न चिकटवलेली घोडी

मी एक जुनी आणि मुळातच स्वस्तातली गिटार आहे. मित्रांनो, या वयात आता काही नवे बघायचे उरलेले नाही, अशा समजुतीत मी होते. मग एका सकाळी माझी घोडी फरशीवर पडली, आणि त्यानंतर जे घडले त्याने मी इतकी हादरले की आजही कोणी पाठीमागून आले तरी माझ्या तारा शहारतात.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक दाबून माझे पोट केले. त्यावरच्या सुंदर रेषा लाकडाच्या नाहीत, त्या रंगाऱ्याने ब्रशने ओढल्या आहेत. तारा ज्या छोट्या लाकडी पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. बऱ्याच गिटारींची घोडी पोटाला पक्की चिकटवलेली असते. माझी तशी नाही. माझ्या तारा बुडाशी एका पत्र्याच्या पट्टीला अडकवल्या आहेत आणि घोडी त्यांच्याखाली नुसती उभी आहे. तारा तिला खाली दाबतात, ती तारांना वर उचलते. ना खिळा, ना डिंक. त्यांची ही ढकलाढकली चालू आहे तोवर सगळे जागेवर.

माझ्या मालकिणीला घरात सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. काच फ्रेममध्ये नीट बसली की नाही, हे तिला आवाजावरून कळते. मला जुन्या सामानाच्या दुकानात पाहिले तेव्हाही तिने आधी बोटाने टकटक केले, कान लावला आणि मला काखेत मारून घरी आणले. तिचा भाऊ म्हणाला, "खोका छान आहे, आत काय ठेवणार?" तेव्हापासून तो मला खोकाच म्हणतो.

ताई रोज कामावरून आली की मला मांडीवर घ्यायची. पलीकडे स्वयंपाकघरात वहिनी गुणगुणत असायची. तिने कधी तारेला हात लावला नाही, पण ताईचे बोट चुकले की ओट्यावर डाव आपटायची. एरवी ती ताईच म्हणते, चिडवायचे असले की मात्र "वन्सं, घसरलात."

मग ताई फार आजारी पडली. डॉक्टरांनी आधीच सांगितले की औषध कडक आहे. जीव वाचेल, पण कानांवर परिणाम होऊ शकतो. ताई हो म्हणाली. रुग्णालयातल्या खाटेवरून तिने भावाला एकच काम सांगितले. "गिटारच्या तारा उतरवून ठेव. उगाच ताण नको तिच्यावर."

वाजवणाऱ्यांच्या बोलीत तारा उतरवणे म्हणजे खुंट्या पिळून त्या जरा सैल करणे. भावाच्या बोलीत उतरवणे म्हणजे उतरवणे, भिंतीवरचे चित्र उतरवतात तसे. त्याने सहाही तारा काढल्या, वेटोळी करून डब्यात ठेवल्या, आणि मला पुसायला तिरपे केले.

घोडी सरळ खाली गेली. खट्.

भाऊ जागच्या जागी थिजला. ताई तिकडे अंथरुणात, आणि इकडे तिची जीव की प्राण वस्तू आपल्या हातून मोडली, असेच त्याला वाटले. तो फर्निचरच्या कारखान्यात फळ्यांवर चकचकीत सनमायका चिकटवतो. त्याने चिकटवलेले निघत नाही, अशी त्याची ख्याती आहे. त्याने कारखान्यातला डिंक आणला, माझे पोट घासून पुसले, घोडी उभी असायची त्या जागेचा फिकट ठसाही त्यात गेला, आणि नजरेला शोभेल अशा जागी तिला दाबून बसवले. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! मूळ जागेपासून ती माझ्या मानेकडे बोटभर पुढे होती.

ताई घरी आली, वाळून काडी झालेली. भावाने तारा चढवून मला तिच्या मांडीवर ठेवले. तिने खुंट्या पिळून सूर लावले. मोकळ्या तारा शहाण्यासारख्या लागल्या. तिने बोटे दाबून पहिले सूर छेडले, आणि माझ्या पोटातून भांडी घसरल्यासारखा आवाज निघाला. तिने पुन्हा दाबले. पुन्हा तेच. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कान गेला माझा," ती हळूच म्हणाली.

 मला सगळे ठाऊक होते, आणि बोलायला माझ्याकडे होता तो फक्त बेसूर. ताई मला बाजूला ठेवत म्हणाली की ही आता देऊन टाका कोणाला तरी. काच बसल्याचे तरी तिला पुढे ऐकू येणार होते का, हेही ती बहुधा तेव्हाच मनात विचारत होती.

वहिनी दारात उभी होती. तिच्या हातात डाव होता.

"वन्सं," ती म्हणाली, "मग माझाही गेला. मी तर कुठलंच औषध घेतलं नव्हतं."

ताईने मान वर केली. मला परत ओढून घेतले. वहिनीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला. वरच्या टोकापासून दांडीवरच्या बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे तिथल्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत, दोरा मापला. हा पडदा तारेच्या बरोबर निम्म्यावर असावा लागतो, नाहीतर मोकळ्या तारा जुळतात पण दाबलेले सूर बिघडतात. तोच दोरा तिथून पुढे घोडीकडे नेला. दोरा घोडीच्या पलीकडे गेला.

"हिला हलवलं कोणी?"

"पडली होती," भाऊ म्हणाला. "चिकटवली. आता जन्मात नाही हलायची."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटले, आणि हसता हसता ती रडायला लागली. "अरे, घोडीला कोणी डिंकाने बांधतं का?"

स्वतःच चिकटवलेले काढायची पाळी भावावर आली. तापवलेली सुरी, घामेजलेले हात, आणि माझ्या पोटाचा करकर आवाज. शेवटी घोडी सुटली, पण रंगवलेल्या रेषांचा एक तुकडा घेऊनच. ताईने दोऱ्याने मापून तिला जागेवर उभे केले, एकेक तार चढवली आणि वाजवले. स्वयंपाकघरात डाव आपटला नाही. वहिनी गुणगुणत होती.

घोडीपुढचा तो उघडा पांढरा डाग अजून दिसतो. ताई त्यावर रंग लावू देत नाही. आता गावाला जाताना ती "तारा सैल कर" म्हणते, आणि भाऊ खुंट्या जेमतेम पिळून घोडीकडे श्वास रोखून बघतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंवर माया करा, पण घाईने करू नका. काही सैल दिसले, सुटून हातात आले, तर ते मोडलेच असेल असे नाही. डिंक उघडण्याआधी त्या वस्तूच्या माणसाला विचारा, ही कशाच्या आधाराने उभी होती? आणि कोणी म्हणाले की माझा कान गेला, तर आधी त्याच्या शेजारी बसून स्वतः ऐकून बघा.