सदाशिवरावची दुर्बीण आन मी ढेपेचं पोतं

मित्रांनो, मी एक जुनं पोतं आहो. सरकीची ढेप म्हणजे म्हशीची मिठाई. दहा वर्षं ती माझ्या पोटात भरली, सांडली, सडली. तिचा वास माझ्या अंगातून जात नाई. म्हशी मले चाटत, अन् मी त्याले माझं कौतुक समजत होतो.

मग १९७९ च्या जानेवारीत सेलूच्या मधुकरराव मास्तरनं मले मागून नेलं. तळ्यावर त्यायले डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस दिसलते. नागपूरच्या पक्षिमंडळाचे सदाशिवराव म्हणे, "मास्तर, बदकं असतील." ते मास्तरच्या जिवाले लागलं. त्यायनं काठावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, रोवून आडोसा केला, दारावर मले टांगलं आन सदाशिवरावले बोलावलं.

त्या सकाळी नेमका पाऊस. गारठ्यात मी भिजून फुगलो, घाण वास सोडू लागलो. आत दोघं उकिडवे बसलेले. सदाशिवराव शिंकले आन नाक मलेच पुसलं. शी! एवढ्या म्हशी भेटल्या, पण एकीनंही असं केलं नाई.

"आज नाही दिसले तर तुमचं तळं वहीतून खोडतो," सदाशिवराव म्हणाले.

"दिसतीन जी साहेब. दम धरा जरा."

तेवढ्यात थवा उतरला. मास्तर कुजबुजले, "पाहा, पाहा!"

सदाशिवरावची दुर्बीण पावसानं आंधळी झालती. त्यायनं काच पुसली. कशानं? माझ्यानं! ओली ढेप, तेल, वरून त्यायचाच शेंबूड. काच सारवून निघाली.

"एकदम धुकं कसं काय पडलं हो?"

"धुकं नाई साहेब. उघड्या डोळ्यानं पाहा ना, समोरच आहेत!"

"उघड्या डोळ्याचं मंडळ धरत नाही. नियम आहे."

इकडे माझ्या वासानं, तळ्यावर म्हशी चारणाऱ्या देवकाबाईची म्हैस आली. तिनं मले दातात धरून ओढलं, तसा पऱ्हाट्यांसकट सारा आडोसा सदाशिवरावच्या डोक्यावर. मग तिनं दुर्बीणही चाटली. सदाशिवराव किंचाळले. हंस उडाले.

देवकाबाई धावत आली. "अवो मास्तर, ढेपेचं पोतं टांगून काऊन बसले जी? माह्या म्हशीनं का डोये मिटून जावं?"

सदाशिवरावनं वहीत लिहिलं, 'पक्षी नाही. म्हैस एक.' आन बस पकडली.

 मग मास्तर मले घेऊन पाण्यात उतरले आन दगडावर आपटून आपटून धुतलं. सारा राग माझ्यावर निघाला, पण दहा वर्षांची घाणही निघाली. पाऊस थांबला. हंस परत आले, म्हशीच्या बाजूलेच चरू लागले. मास्तर हलले नाईत. हळूच मोजले. सतरा.

देवकाबाई म्हणे, "हे तर दर सालचे पाहुणे होय. कोणाले दाखवाचे होते?"

"कोणाले नाई," मास्तर म्हणाले आन हसले.

तर मित्रांनो, एवढंच मागणं. पोतं असो का दुर्बीण, कामाले लावायच्या आधी धुवा, उन्हात वाळवा. मले जन्मात एकदाच कोणी धुतलं, आन त्याच दिवशी मास्तरले हंस पोटभर दिसले.