उसवलेलं पान

तुळसाकाकीचा राग विनीतवर होताच, पण त्याहून जास्त त्या बांगड्यांवर होता. विनीत म्हणजे तिच्या थोरल्या दिराचा मुलगा. कॅमेरा घेऊन ठाण्याहून आला, म्हणून तिने कौतुकाने बांगडे तळायला घेतले, आणि तेवढ्या वेळात त्याने दिवे लावले. आपण तळत बसलो नसतो तर त्याचा हात धरला असता, हे तिच्या डोक्यातून आठ महिने गेलं नव्हतं.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून काकीचं बाजारात मासळी घेऊन बसणं बंद झालं होतं. ती मागच्या दारी जाळी सांधत बसायची आणि बसल्या बसल्या पाखरं बघायची. तिने जाळ्याच्या दोरीने तीन करवंट्या टांगल्या होत्या. एकीत तांदळाची कणी, एकीत पाणी, एकीत वातींचा कापूस. कणीला मुनिया यायच्या, पाण्याला दयाळ आणि कापसाला शिंपी, अंगठ्याएवढा जीव, पण शेपटी उभारून घरमालकासारखा ओरडणारा. कोण कधी आलं ते ती कॅलेंडरच्या चौकटीत लिहायची. नवरा दत्ताराम हसायचा. म्हणायचा, "मास्तरीण झालीस काय गो? पाखरांची हजेरी घेतेस ती."

एप्रिलात शिंप्याच्या जोडीने परसातल्या बदामाच्या रोपाचं एक रुंद पान वळवलं आणि कडा शिवून टाकल्या. चोचीने भोकं पाडून त्यांत काकीचाच कापूस ओवला होता. तिचा जन्म जाळी सांधण्यात गेला, पण असे टाके आपल्याला जमले नसते हे ती उघड कबूल करायची. आत तीन पिल्लं झाली. परसात मासळी वाळत असल्याने कावळे दिवसभर माडावर टपलेले असत, पण पान मिटलेलं होतं तोवर त्यांना काही कळलं नव्हतं.

पान मिटलेलं, तेव्हा विनीतच्या हातभर लेन्सलाही काही दिसेना. तासभर बसून त्याला फक्त पक्षिणीची शेपटी मिळाली. काकी तळणाला आत गेली तशी त्याने नखं कापायच्या कात्रीने टाके कापले आणि दोरीवरचे कपड्यांचे दोन चिमटे लावून पान उघडं केलं. फोटो काढले. हात धुतले. तीन बांगडे खाल्ले, "काकी, तुझ्या हाताला चव आहे," म्हणाला आणि गाडी गाठायला गेला. चिमटे तसेच राहिले.

चार वाजता काकी मागे गेली तर पिल्लं उन्हात चोची वासून पडलेली आणि शिंप्याची जोडी भोवती टाहो फोडत होती. "मेल्या," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिने चिमटे काढले आणि बारीक सुईने पान पुन्हा शिवलं. टाके वाकडे पडले. पण कावळ्यांनी बघायचं ते बघून ठेवलं होतं. सकाळी पान फाटलेलं आणि आत नुसता कापूस.

तिने विनीतला फोन लावला. "काकी, निसर्गात असं चालायचंच," तो म्हणाला. "कावळ्यालाही पोट आहे."

कात्री निसर्गात कुठल्या झाडाला लागते, हे तिला विचारायचं होतं. त्याआधीच त्याने फोन ठेवला.

डिसेंबरात रत्नागिरीतल्या एका सभागृहात पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. विनीतला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि घरच्यांना मानाने बोलावणं होतं. दत्तारामाने इस्त्रीचा शर्ट घातला. काकीने निघताना एक घडी केलेला कागद पिशवीत टाकला.

फोटो दारासमोरच्या कापडी पडद्यावर लावला होता. तीन उघड्या चोची, पुरुषभर मोठ्या. खाली छापलं होतं: "मायेची शिवण. रत्नागिरी, २५ एप्रिल. घरट्याला जराही धक्का न लावता, दिवसभर वाट पाहून टिपलेला क्षण." तिकडे पाहुणे माइकवर विनीतच्या संयमाचं कौतुक करत होते. संयम म्हणे. काकीची कानशिलं तापली.

तिने कागद उलगडला, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि फोटोखाली तो टोचायला लागली. विनीत धावत आला.

"काकी, अगं काय करतेस? लोक बघतायत."

"बगूं देत. तुजी तारीख हाय, तीच माजी हाय."

विनीतने दत्तारामाकडे बघितलं. "काका, तुम्ही तरी सांगा हिला."

दत्ताराम पुढे आला. वाऱ्याने उडणारं कागदाचं दुसरं टोक त्याने बोटांनी दाबून धरलं. "आणखी पिन हाय काय गो?" त्याने काकीला विचारलं.

माइक थांबला. लोक जवळ आले. एप्रिलचं कॅलेंडरचं पान होतं ते, तेलाचे डाग पडलेलं, चौकटींत बारीक अक्षर. पुढची एक मुलगी मोठ्याने वाचू लागली.

"तीन. शिंप्याने कापूस नेला. एकवीस. पिल्लं तीन. पंचवीस. विनीत आला. बांगडे केले. त्याने टाके कापले. सव्वीस. कावळा."

ती थांबली. काकी म्हणाली, "वाच. अजून हाय."

"सत्तावीस. दोघं अळी घेऊन येतात. पानात बघतात. परत जातात. अठ्ठावीस. येतात."