शहाण्णवची चढाई

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. करू नये तर करू नये, मी करायचो. अजूनही करतो.

फारूक नव्व्याण्णव साली गेला. हार्ट अटॅक, वय छत्तीस. रत्नागिरीहून कुवेतला आला तेव्हा कबड्डीत चढाईला जाताना लटपटायचा. मी पेणचा, कबड्डी आमच्या अंगणातली. पाय कसा टाकायचा, दम कसा धरायचा, चौघं अंगावर असताना मध्यरेषेकडे झेप कशी घ्यायची, सगळं मी शिकवलं त्याला. आणि दोन हजार पाचमध्ये कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या संघाने ठरवलं, की संघाचा आजवरचा सगळ्यात लाडका चढाईपटू कोण ते प्रेक्षकांनी मतं देऊन निवडायचं. जिंकेल त्याला ढाल.

मला ती ढाल हवी होती, हे काही मी लपवणार नाही. दोन महिन्यांनी मी कायमचा गावी निघणार होतो. तेरा वर्षं अर्दियाच्या गोदामात खोकी मोजली, गावात ते कुणाला सांगणार? भिंतीवर ढाल असली की आल्यागेल्याने विचारलं तरी असतं.

चिठ्ठ्यांची पेटी आमच्या गल्लीतल्या बकाल्यावर ठेवलेली. बकाला म्हणजे किराणा दुकान. कोण कुणाचं नाव घेतंय ते ऐकायला मी रोज खुबूस, म्हणजे इथली रोटी, घ्यायच्या निमित्ताने तिथे जायचो. रूमवर खुबूसची चळत लागली. पोरं म्हणाली, "जगूदादा, आता बस करा, आम्हाला भात पाहिजे."

आणि ऐकू काय यायचं? "आपलं मत फारूकभाईंना! शहाण्णवची फायनल, आठवते ना ती चढाई? शर्ट फाटलेला, चौघं अंगावर, आणि बोटं रेषेच्या पार!"

अंगाची लाही लाही व्हायची माझ्या. कारण ती चढाई फारूकची नव्हतीच. माझी होती!

झालं असं, की फायनलच्या शुक्रवारी सकाळीच फारूकच्या बायकोला, फखरुन्निसाला, बाळंतपणासाठी हॉस्पिटलात नेलेलं. इकडे माझा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, कामासाठी कंपनीच्या ऑफिसात अडकलेला. बताका दाखवल्याशिवाय आयोजक कुणाला मैदानात सोडत नव्हते. मी फारूकला गाठायला हॉस्पिटलच्या गेटवर गेलो. म्हटलं, "तू तरी चल." तो म्हणाला, "मी हिला सोडून यायचा नाही. तू जा. माझ्या नावावर खेळ." खिशातून बताका काढून दिला, गाडीतली सात नंबरची जर्सी दिली. मिशा दोघांनाही होत्या, आणि बताक्यावरच्या त्या फोटोत आईनेही लेकाला ओळखलं नसतं.

त्यात धुळीचं वादळ. पंच एक डोळा मिटून शिट्टी वाजवत होता. प्रेक्षक मोजून अकरा. आज "मी स्वतः पाहिली ती चढाई" म्हणणारे दोनशे आहेत!

कप आम्ही जिंकला. कागदावर नाव फारूकचं. तो म्हणाला, "कुठे बोलू नको जगूदा. दुसऱ्याच्या बताक्यावर खेळलास हे कळलं तर कप जाईल आणि आपण दोघंही विमानात बसू." मी गप्प बसलो. त्या सामन्यातले खेळाडू हळूहळू गावी गेले, दोघं कॅनडात. कुणी चढाईचा विषय काढला की फारूक हसून चहा मागवायचा. मग तो गेला, आणि माझी चढाई त्याच्या नावावर कायमची चिकटली.

निकाल शुक्रवारी दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. संघाचा सेक्रेटरी दीनानाथ, पुण्याचा, रिफायनरीत इंजिनियर. संघात आला दोन हजार साली, पण जुने कागद फायलीत लावून ठेवलेले. त्याच्यासाठी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. त्याने वाचलं, "जगन्नाथ, एकतीस. फारूक, एकशे बारा."

एकतीस! माझ्या रूमवरचीच दहा धरा त्यात.

"आणि का नाही?" दीनानाथ माइकवर रंगात आलेला. "हॉस्पिटलात मुलगी जन्माला येत होती, आणि हा माणूस संघासाठी मैदानात होता! याला म्हणतात निष्ठा." टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेत फखरुन्निसा बसलेली, शेजारी तिची फिजा, नऊ वर्षांची. पोरगी मान खाली घालून फ्रॉकचं बटण पिरगाळत होती. लाजली असेल, मला वाटलं.

"आता त्या चढाईचं वर्णन जगूदादांनीच करावं," म्हणून दीनानाथने माइक माझ्या हातात दिला.

माझ्याच चढाईचं, दुसऱ्याच्या नावाने! डोकं सटकलं माझं.

"ती चढाई माझी होती," मी म्हणालो.

हॉल हसला. मागून कुणीतरी बोललं, "दादा जळतायत!"

"हो, जळतोय! नऊ वर्षं जळतोय!" मग मी थांबलोच नाही. बताका, जर्सी, धूळ, सगळं ओकून टाकलं. सदऱ्याची बटणं काढून त्या चढाईत खांद्यावर पडलेला वण दाखवला. दीनानाथ कागद फडकावत म्हणाला, "अहो दादा, इथे स्पष्ट नाव आहे."

"कागद घाल चुलीत! वहिनी, तुम्ही सांगा. फारूक कुठे होता त्या दिवशी?"

विचारलं आणि जीभ चावली. भरल्या सभेत एका विधवेला असं ओढायचं? पण माघार घेणाऱ्यातला मी नव्हे.

फखरुन्निसा उठली. "माझ्यापाशी होते," ती म्हणाली. "सकाळपासून वॉर्डच्या दाराशी उभे. नर्सनं बच्ची पहिली त्यांच्याच हातात दिली." तिने फिजाच्या डोक्यावर हात ठेवला. "जगूभाऊंना परत पाठवतील, कुणापाशी बोलू नको, म्हणालेले ते. मी बोलले नाही. हिच्यापाशीपण नाही."

फिजाने मान वर केली. "सो अब्बा वॉज विथ मी?"

"होय बाय. तुझ्यापाशीच."

दर वाढदिवसाला आम्ही सगळे त्या पोरीला काय सांगायचो? तू जन्मलीस तेव्हा तुझे अब्बा कप जिंकत होते! मीही सांगितलंय, केक खाता खाता. पोरगी आईच्या कुशीत शिरली आणि हमसून हमसून रडली. मग तशीच ओल्या तोंडाने हसायला लागली.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुष उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्यासाठी नव्हे हो, फारूकसाठी! फायनल सोडून बायकोपाशी थांबलेल्या फारूकसाठी.

दीनानाथ गोंधळला. "मग मतं परत घ्यायची का? हात वर करा. फारूकभाई?"

सगळा हॉल. माझी एकतीसही गेली त्यात. फिजाने तर दोन्ही हात वर केलेले.

"जगूदादा, तुमचा हात?"

माझा हात खालीच राहिला. खोटं कशाला बोलू? तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटत होता, आधीपेक्षा जास्त. पण ढाल गेली खड्ड्यात. माझा निखिल पेणला जन्मला तेव्हा मी इथे कुवेतमध्ये सराव करत होतो. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दीड वर्षाचा होता, आणि मी उचलल्यावर, हा कोण माणूस म्हणून, आईकडे जायला रडत होता.