हनुवटीवरचे चौदा

शिवणकामात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडचण एवढीच, की समोर माणूस आलं की त्यांचा एकच हात कामाला उरायचा. डावा लगेच हनुवटीवर. गिऱ्हाइकांना वाटे, बाई कापडाचा विचार करताहेत. खरा विचार हनुवटीवरच्या चौदा केसांचा असे.

चौदा म्हणजे मोजून चौदा. अकरा काळे, तीन पांढरे. रोज सकाळी खिडकीशी आरसा धरून वहिनी त्यांची हजेरी घेत आणि कच्चे टाके ओढायच्या चिमट्याने, जो डोकं वर काढेल त्याला निरोप देत. वीस वर्षांत हे घरात कुणाला कळलेलं नाही, अशी त्यांची ठाम समजूत. कळलं सगळ्यांनाच होतं. बोलायची हिंमत फक्त नणंदेत होती.

"वहिनी, सोमवारपासून शिवणवर्गात शिकवणार ना? वीस पोरी, डोक्यावर ट्यूबलाइट. एका हाताने बेतून दाखवणार का?"

"तेच तर झालंय गं! दोन्ही हात लागणार."

"मग चला लेझरला. मी विचारून ठेवलंय."

शनिवारी वहिनी निघाल्या त्या एखाद्या मुलाखतीला निघाल्यासारख्या. कडक इस्त्रीचे कपडे, आणि आरशात तीन-तीनदा बघून हनुवटी अशी लख्ख केलेली, की चौदापैकी एकाचा मागमूस नाही. डॉक्टरांपुढे अवतारात कसं जायचं?

चष्मेवाल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"काकू, केस कुठायत?"

"काढले ना! स्वच्छ होऊन आले."

"मग मी काय काढू?"

नणंदेने तोंडावर रुमाल धरला.

"लेझरचा उजेड केसातला काळा रंग शोधतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या केसावाटे उष्णता मुळापर्यंत जाते. तुम्ही तर केस मुळातूनच ओढून आलात."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! पक्की टीप घालायच्या आधीच कच्चे टाके ओढले मी! याच चुकीसाठी आयुष्यभर सगळ्यांना ओरडत आलेय!"

आता मात्र त्यांना चेव चढला. गोष्ट आपल्या भाषेत आली होती.

"आणि पांढरे?"

"ते लेझरला दिसतच नाहीत. ते तीन तुमच्या चिमट्याचे."

"मी सावळी. म्हणजे काळ्या कापडावर काळा दोरा?"

"अगदी! म्हणून मशीन तुमच्या रंगाला चालेल असंच हवं, आणि आधी छोट्या जागेवर करून बघायचं. घाई केली तर चटका बसून डाग राहतो. जमलं तर महिन्या-महिन्याने सहा-आठ वेळा यायचं. विरळ होतील, कायमचे जातील असं वचन नाही देत. आणि एकदा रक्त तपासू, आतून काही कारण असलं तर ते पुन्हा येतात."

"कधी बसू?"

"चार आठवड्यांनी. तोवर चिमटा बंद. फार वाटलं तर वस्तरा फिरवा."

"वस्तऱ्याने राठ होतात!"

"नाही होत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला तसं लागतं."

"कातरलेल्या दोऱ्यासारखं," वहिनी पुटपुटल्या आणि मग त्यांचा चेहरा पडला. "चार आठवडे! आणि वर्ग परवा!"

सोमवारी मनाच्या समाधानासाठी वस्तरा फिरवून, तरीही सवयीने डावा हात हनुवटीवर ठेवून वहिनी वर्गात शिरल्या. कापड पसरलं. एका हाताने खडू ओढला, कापड घसरलं. पुन्हा ओढला, पुन्हा घसरलं. तेवढ्यात पुढच्या मुलीने टीप मारायच्या आधीच बाहीचे कच्चे टाके सर्रकन ओढले.

"थांब!" वहिनी ओरडल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं. "अगं, शनिवारी मीही हेच करून बसले." असं म्हणून त्यांनी हनुवटीवरचा हात काढला आणि सगळी गोष्ट सांगून टाकली, चौदाच्या हजेरीसकट. वर्ग खदखदून हसला. हसणं थांबल्यावर मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, मिशीलाही चालतं का हो?"

"चालतं! पण आधी दाखवायचं, विचारायचं. आणि जाताना उपटून जायचं नाही!"

चार आठवड्यांनी रक्ताचा अहवाल ठीक आला. डोळ्यांवर जाड चष्मा चढला, हनुवटीखाली चाचणीपुरत्या छोट्या जागेवर थंडगार जेल लागलं आणि रबर ताणून सोडावं तसे चट्-चट् फटके बसले. "एवढंच?" वहिनी म्हणाल्या. आता आठवडाभर वाट बघायची होती. उन्हात जायचं नव्हतं, आणि डाग पडला की कारभार आटोपला.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई भिंग घेऊन वाकल्या. नणंद खुर्चीच्या टोकाशी सरकली.

"डाग नाही. काकू, तुम्हाला चालेल!"

"चालेल म्हणाल्या, वहिनी!" नणंद खुर्चीवरून उडालीच.

"ऐकलं गं! मग आजच करा."

"करते की. हनुवटीवरचा हात तेवढा..." म्हणता म्हणता डॉक्टरीणबाई थांबल्या. हनुवटीवर हात नव्हताच. वहिनींनी दोन्ही हातांनी त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली होती आणि मनगटाशी चिमटीत घेऊन त्या मापत होत्या.

"अर्धा इंच लांब आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमचं झालं की माझं सुरू."